चासी बदला, पण सांगून बदला

गेल्या रविवारी सकाळी आमच्या जीपवाल्या मंडळींचा अड्डा जमला होता, सिंहगडाच्या पायथ्याशी. पाच-सहा जुन्या जीप, प्रत्येकीचं बॉनेट उघडं आणि त्यात डोकं घालून उभे असलेले आमच्यासारखे आयटीतले बाप्ये. (जीपवाल्यांना गाडी चालवण्यापेक्षा बॉनेट उघडून उभं राहण्यातच जास्त आनंद मिळतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे.) मी माझ्या जीपची हकीकत सांगत होतो. बोलता बोलता म्हणालो, "चासी पूर्ण बदलली." एकदम शांतता. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे जीप गेलीच की रे. आता तुझ्याकडे उरलाय तो नुसता पत्रा आणि चार चाकं."

मला तिथे काही सुचलं नाही. अशा वेळी मला कधीच काही सुचत नाही. उत्तर सुचतं ते घरी परतताना, नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये. तर मंडळी, हे ते उत्तर. जरा लांबलंय, पण शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांचा जीपशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. आजच्या बहुतेक कारला वेगळी चासी नसते, बॉडीच सांगाडा असते. जुन्या जीपचं तसं नाही. एक लोखंडी शिडी जमिनीला समांतर ठेवल्याची कल्पना करा. दोन लांब पट्ट्या, मध्ये आडवे दांडे. ही चासी. तिच्या खाली पाटे, पाट्यांना हाउजिंग, हाउजिंगला चाकं. वर इंजिन, गिअर बॉक्स आणि सगळ्यात वर बॉडी, तीही बोल्टने आवळलेली. म्हणजे बॉडी उचलून बाजूला ठेवता येते, इंजिन चेन कप्पीने काढता येतं आणि शिडी मोकळी होते. ही गाडी मुळात सुटी व्हावी अशीच बनवलेली आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी जीप खरं तर काकांची. १९६८ची सीजे-थ्री-बी. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ निघालं, आपल्याकडे महिंद्राने ते त्यानंतरही बरीच वर्षं बनवलं. उंच बॉनेटवरून ओळखू येतं. नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेटच वर उचललं. साधा, बिनधास्त उपाय! काका चिपळूणला गुरांचे डॉक्टर. १९७४ साली त्यांनी ही जीप सेकंडहँड घेतली आणि पुढची तीस वर्षं तिच्यातून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. रस्ता नसलेल्या वाडीतल्या गाईचंही वासरू अडतंच, हे त्यांचं जीप घेण्यामागचं कारण.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं ते तुम्हाला आठवत असेल. आमची जीप अंगणातल्या शेडमध्ये होती, ती बुडाली. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी आधी घर उपसलं, मग जीपकडे बघितलं. इंजिन खोललं, गिअर बॉक्समधलं ऑइल बदललं, ब्रेक नवे केले. चासीच्या पोटात बसलेला गाळ मात्र कुणी काढला नाही, कारण तो दिसतच नव्हता. जिथे पत्र्यावर पत्रा चढवलेला आहे, जिथे पट्टी चारी बाजूंनी बंद आहे, तिथे तो ओला गाळ बसून राहिला. कोकणातली हवा, आधीची पन्नास वर्षं, त्यात हा गाळ. आतून गंज खात गेला आणि बाहेरून काळा रंग छान चमकत राहिला.

डिसेंबर २०२३ मध्ये मी जीप पुण्याला आणायला निघालो. मागे चुलतभावाची अकरा वर्षांची मुलगी बसली होती, हट्टाने. कुंभार्ली घाटात एका वळणावर मागून 'कड्ड' असा आवाज आला आणि जीप डाव्या बाजूला बसली. उतरून बघतो तर मागचा पाटा ज्या हँगरला अडकवलेला असतो तो हँगर चासीतून उपटून आलेला. बोल्ट शाबूत, पाटा शाबूत. तो ज्या लोखंडाला धरून होता ते लोखंडच जागेवर नव्हतं, त्याचा पापुद्रा झाला होता. वेग वीसचा होता आणि आम्ही डोंगराच्या बाजूला होतो, म्हणून मी आज हे लिहितोय. त्या मुलीला वाटलं पंक्चर झालंय. मी तिला तसंच वाटू दिलं.

पुण्यात मिस्त्रींनी बॉडी उतरवली, चासी धुतली आणि हातोडी घेऊन बसले. चांगल्या लोखंडावर हातोडी 'ठण्ण' वाजते, कुजलेल्यावर 'थप'. आमच्या चासीवर मागच्या अर्ध्या भागात थप-थपच. तीन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. मग टेपने कर्ण मोजले. समोरच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत आणि उलट, दोन्ही मापं सारखी यायला हवीत. आमचा फरक पाऊण इंच. म्हणजे शिडी नुसती कुजली नव्हती, तिरकीही झाली होती. अशा चासीला ठिगळ लावणं म्हणजे फाटक्या गोधडीला मखमलीची किनार.

मिस्त्री भला माणूस. त्याने सरळ उपाय सांगितला. "साहेब, नवी चासी बनवून घेऊ. आणि जुनीवरची नंबरची पट्टी कापून नवीवर वेल्ड करू. ग्राइंडर मारला, रंग मारला, की ब्रह्मदेवालाही कळणार नाही. सगळे असंच करतात."

खरी गंमत इथे आहे. 'सगळे असंच करतात' आणि 'चासी बदलली म्हणजे जीप गेली' ही दोन वाक्यं आमच्याच जमातीत सुखाने शेजारी शेजारी नांदतात. का? कारण दुसऱ्या वाक्यामुळेच पहिलं जन्माला येतं. जो सांगतो त्याची जीप 'गेली'. जो कापून चिकटवतो आणि गप्प बसतो त्याची जीप 'ओरिजिनल'. विकायला काढली की त्याला चार पैसे जास्त, रॅलीत त्याच्याभोवती गर्दी, अड्ड्यावर त्याला मान. आपण शुद्धतेच्या नावाखाली खोटं बोलण्यावर बक्षीस लावून ठेवलंय आणि वर सगळे साले चीटिंग करतात म्हणून गळा काढतोय.

(आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांच्या जीपमध्ये डिझेल इंजिन आहे, पुढे डिस्क ब्रेक आहेत, पॉवर स्टिअरिंग आहे. चासी 'मूळची' आहे, म्हणजे तिला मी स्वतः मोजलेली सहा ठिगळं आहेत. असो.)

माझं म्हणणं अगदी साधं आहे. चासी हा गाडीचा एक भाग आहे. मोठा आहे, महत्त्वाचा आहे, पण भागच. तो कुजला तर तशाच्या तशा मापाचा नवा घालणं ही दुरुस्ती आहे. ती लपवणं हा गुन्हा आहे. आपण नेमकं उलटं धरून बसलोय: बदलणं पाप आणि लपवणं चातुर्य.

'पण मग ती तीच जीप कशी?' हा प्रश्न मला गेल्या रविवारपासून तीन जणांनी विचारलाय. त्याचं उत्तर आपल्याकडे दोन हजार वर्षांच्या आसपास तयार पडलंय. 'मिलिंदप्रश्न' हा पाली ग्रंथ. मिलिंद राजा, म्हणजे ग्रीक मिनँडर, नागसेन भिक्षूंना भेटायला रथातून येतो. नागसेन त्याला विचारतात की यात रथ कुठला? दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? रथाचा पंजर? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी कबूल करतो की हे सगळं मिळून जे होतं त्याला व्यवहारासाठी दिलेलं नाव म्हणजे रथ. आता बघा, पंजर म्हणजे सांगाडा, म्हणजे जवळजवळ चासीच की! मिलिंदाने तोही रथ नाही म्हणून सांगितलं. आमच्या अड्ड्यावर मात्र पंजर हाच रथ. नागसेनांचा रोख अर्थातच गाडीवर नव्हता, माणसाच्या 'मी'वर होता. पण मला इथे गाडीपुरता पुरे.

यातली 'व्यवहारासाठी दिलेलं नाव' ही गोष्ट आपल्याला, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांना, लगेच कळायला हवी. डेटाबेसमध्ये एखाद्या नोंदीची प्रायमरी की आपण अशा गोष्टीवर ठेवत नाही जी पुढे बदलू शकते. आणि चुकून ठेवलीच, तर बदल झाला की लॉगमध्ये लिहितो: कोणी केला, कधी, आधी काय होतं. चासी नंबर ही गाडीची की आहे आणि ती गंजणाऱ्या लोखंडावर ठोकलेली आहे. आता एकतर लोखंड गंजू नये अशी प्रार्थना करायची, नाहीतर बदलाची नोंद ठेवायची सोय करायची.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२: निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी आरसीतले तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी ठामपणे सांगितलं, आणि इंजिन बदलायचं तर परवानगी घ्या असंही सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. माझी याबद्दल तक्रार नाही. रस्त्यावर हत्तीएवढे टायर लावून फिरणारे महाभाग मीही बघितलेत.

माझं भांडण आहे ते जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांशी. हो, त्याच महिन्यात, ज्या महिन्यात आमची जीप बुडाली. नियम तसे चांगले आहेत. पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि चारचाकींसाठी वेगळी नोंदणी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापराला बंदी, पण प्रदर्शनाला, रॅलीला आणि पेट्रोल भरायला नेता येते. ठीक. पण व्याख्येत अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी आणि तिची मोठी उस्तवार झालेली नसावी, आणि मोठ्या उस्तवारीत काय धरलंय? चासी, बॉडी किंवा इंजिनातला कुठलाही बदल.

कुठलाही बदल! आता चासी लांब करून मागे दोन सीट वाढवणं हा बदल, मान्य. पण कुजलेली पट्टी काढून त्याच मापाची, त्याच जाडीची, त्याच भोकांची पट्टी घालणं हा बदल की दुरुस्ती? नियमाच्या शब्दांत हा फरक कुठे दिसत नाही. आणि फरक दिसत नसला की टेबलापलीकडचा माणूस स्वतःला कमीत कमी त्रास होईल असा अर्थ लावणार. त्याला दोष नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण याचा परिणाम बघा. कोकणात पन्नास पावसाळे काढलेली पोलादी चासी 'मूळ स्वरूपात' ठेवायची म्हणजे गंजासकट ठेवायची. मालकापुढे तीन वाटा उरतात. कुजलेली गाडी रस्त्यावर आणा. गाडी भंगारात द्या. नाहीतर मिस्त्रीचा ग्राइंडर. प्रामाणिक माणसासाठी चौथी वाट नसली की प्रामाणिक माणसंही हळूहळू तिसऱ्या वाटेने जातात.

चौथी वाट असू शकते हे दुसरीकडे दिसलंय. ब्रिटनमध्ये जुन्या लँड रोव्हरची चासी बदलणं हा राजरोस धंदा आहे. त्यामागचं कारणही मजेशीर आहे. महायुद्धानंतर तिथे पोलादाची टंचाई होती, म्हणून लँड रोव्हरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली आणि चासी पोलादाची. बॉडी टिकली, चासी कुजली. मग लोकांनी नव्या चासी बनवल्या, त्याही जस्ताच्या वितळलेल्या हौदात बुडवून काढलेल्या, म्हणजे आतल्या पोकळीतही जस्त चढतं. आणि तिथल्या वाहन नोंदणी खात्याने काय केलं? खूप फेरफार झालेल्या गाड्यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं गुणांची पद्धत ठेवली. मूळ नोंदणी टिकवायला किमान ८ गुण. चासीला ५, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअर बॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. आणि त्या चासीचे ५ गुण मूळ चासीला तर मिळायचेच, पण तशाच मापाच्या नव्या चासीलाही मिळायचे! ऑगस्ट २०२५ पासून तर तशाच्या तशा दुरुस्तीला, गाडीचं रूप आणि कागदावरचे तपशील बदलत नसतील तर, खात्याला कळवायचीही गरज उरलेली नाही. आणि गंमत म्हणजे, १९४७ साली लँड रोव्हरचा जो पहिला नमुना बनला तो जीपच्या चासीवरच. म्हणजे ज्या घराण्याची सुरुवातच दुसऱ्याच्या चासीवर झाली, त्याला चासीचं सोवळं परवडणारच नव्हतं.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, कारण तो टाळला तर मी वकिली करतोय असं होईल. चोरी. चासी नंबर ही चोरीची गाडी ओळखायची सगळ्यात मोठी खूण आहे. भंगारात गेलेल्या जीपचे नुसते कागद विकले जातात, हे आमच्या जमातीत सगळ्यांना माहीत आहे. ते कागद, कापलेली पट्टी आणि कुणाची तरी उचललेली गाडी, झाली नवी 'जुनी जीप' तयार. चासी बदलायला मोकळीक दिली तर चोरांचं फावेल, ही भीती खरी आहे. मी ती हसण्यावारी नेत नाही.

पण जरा विचार करा, आजच्या व्यवस्थेत चोराचं काय अडतंय? तो परवानगी मागायला येतच नाही. अडतं ते फक्त विचारून करणाऱ्याचं. उलट सगळे प्रामाणिक मालकही पट्ट्या कापायला लागले, की कापलेली पट्टी सापडण्याला काही अर्थच उरत नाही. चोराला लपायला गर्दी आपणच पुरवतो.

म्हणून माझी मागणी मोकाट सोडण्याची नाही, नोंद करण्याची आहे. जुनी चासी नंबरासकट अधिकाऱ्यासमोर आणा. नवी कोणी बनवली त्याचं बिल आणि मापं जोडा. जुनीचे अधिकाऱ्यासमोर तुकडे करा, म्हणजे ती दुसऱ्या गाडीखाली जायला नको. नव्या चासीवर तोच नंबर, पण शेजारी 'बदललेली' असं सांगणारी एक खूण ठोका. आरसीत एक ओळ लिहा. यासाठी फी लावा, चांगली जबर लावा, आम्ही देऊ. दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायला येणारच आहोत, तेव्हा पुन्हा तपासा.

आणि आमच्या अड्ड्यासाठीही एक मागणी आहे. जीप विकताना चासीचा इतिहास सांगणाऱ्याला कमी लेखायचं बंद करा. विकत घेताना पहिला प्रश्न 'चासी ओरिजिनल का?' असा नको. 'चासी कशी आहे आणि तुम्हाला ती कधीपासून माहीत आहे?' असा विचारा. खाली झोपा, हातोडी मारा, कर्ण मोजा. मूळची आहे म्हणून पोटच्या पोराला कुजलेल्या शिडीवर बसवू नका.

एक कबुली. प्रत्येक गंजलेल्या चासीचा मोक्ष नव्या चासीत नाही. एका जागी पत्रा गेला असेल तर तेवढाच कापून नीट वेल्ड करा, उगाच नवी करायची हौस नको. (चालणारा कोड जुना दिसतो म्हणून सगळा पुन्हा लिहायला निघणाऱ्यांचं काय होतं ते आपण सोमवार ते शुक्रवार बघतोच.) आणि १९४७ मध्ये मुंबईत जुळवलेल्या अगदी पहिल्या खेपेतली एखादी जीप कुणाकडे असेल, तर तिला हात लावू नका. ती गाडी नाही, तो दस्तऐवज आहे. ती काचेमागे ठेवा, गंजासकट. पण काकांची जीप कधीच दस्तऐवज नव्हती, ती औजार होती. औजाराचा दांडा मोडला तर आपण दांडा बदलतो.

तर मी काय केलं? पट्टी कापली नाही. जुन्या चासीची मापं घेऊन नवी बनवली, ८० इंचांच्या व्हीलबेसपासून शेवटच्या भोकापर्यंत जुळवून. पाणी निचरायला भोकं ठेवली आणि जस्तात बुडवून आणली. इंजिन, हाउजिंग, बॉडी, सगळं तिच्यावर चढवलं. कर्णांचा फरक आता दोन मिलिमीटर. जुनी चासी नंबरासकट शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलीय आणि फोटो, बिलं, मापं जोडून परवानगीचा लेखी अर्ज दिलाय. उत्तर यायचंय. तोवर जीप विटांवर. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करतो, दहा मिनिटं ऐकतो, बंद करतो. अड्ड्यावर माझी जीप 'गेलेली', कागदावर ती अधांतरी, आणि पट्टी कापलेल्या जीप खुशाल लोणावळ्याला जाऊन येतायत. मूर्खपणा वाटतो का? कधीकधी मलाही वाटतो.

मागच्या महिन्यात काका-काकू येऊन जीप बघून गेले. काका ब्याऐंशी वर्षांचे. मी भीतभीतच सांगितलं की चासी पूर्ण नवी आहे. ते काही बोलले नाहीत. काठी टेकत एक फेरी मारली, वाकून मागच्या हँगरला हात लावला, मग ड्रायव्हरच्या सीटवर चढवायला सांगितलं. बोलल्या त्या काकू. "यांचा खुबा बदलला तेव्हा आपण डॉक्टरांची फाइल ठेवली, एक्स-रे ठेवला, विमानतळावर मशीन वाजलं की दाखवायला. कुणी म्हणालं का की हे आता ते नव्हेत?"

ज्येष्ठ सभासद, हे तुमच्यासाठी. पुढच्या रविवारी येतोय. पोहे माझ्याकडून. हातोडी आणि टेप सोबत आणतोय, तुमची सहा ठिगळं एकदा वाजवून बघू.